बॉनेटचं लॅच: जुनंच दुरुस्त करावं की नवं बसवावं?

क्लासिक गाडी रिस्टोअर करताना बॉनेट नीट बसेना की पहिला संशय लॅचवर जातो आणि नव्या लॅचची शोधाशोध सुरू होते. थांबा. आधी स्ट्रायकर पिन (बॉनेटला लावलेली, लॅचच्या हुकमध्ये अडकणारी पिन) काढून ठेवा आणि बॉनेट नुसतंच खाली टेकवा. फेंडरलगतची (चाकावरच्या पत्र्यालगतची) फट दोन्ही बाजूंना पुढून मागपर्यंत सारखी दिसते का? मागची कड काऊलच्या, म्हणजे विंडस्क्रीनखालच्या पत्र्याच्या, पातळीत आहे का? नसेल, तर दोष लॅचचा नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत बिजागरी आणि बॉनेट जोडणाऱ्या बोल्टांची भोकं लांबट असतात, तिथून बॉनेट पुढे-मागे सरकतं. मागच्या कडेची उंची बिजागरी बॉडीला जिथे जोडलेली असते तिथून बदलते, आणि पुढची उंची बॉनेट ज्यावर टेकतं त्या रबरी बफरवरून. दरवाजे आणि फेंडर आधीच जागेवर हवेत. वाकडं बसलेलं बॉनेट लॅचच्या जोरावर ओढून सरळ केलं, तर ताण पत्र्यावर येतो आणि कडेचा रंग घासून निघतो. सुरुवातीच्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसारखं ॲल्युमिनियमचं बॉनेट असेल, तर जोर लावून पाहूच नका.

एवढं झाल्यावरही बॉनेट खडखडत असेल किंवा दोनदा आपटल्याशिवाय लागत नसेल, तर मग लॅचचा निर्णय घ्या.

जुन्या लॅचची मोठी जमेची बाजू म्हणजे त्याची भोकं गाडीच्या ब्रॅकेटशी तंतोतंत जुळतात. रॉकेलमध्ये भिजवून वाळलेलं ग्रीस काढलं, स्प्रिंग बदलली आणि हलकं ग्रीस लावलं की बरीचशी लॅचेस पुन्हा चटकन बंद होतात. खरी परीक्षा हुकच्या कडेची आहे. पिन जिथे अडकते तिथे बोट फिरवा. कड धारदार आणि सपाट लागली तर लॅच ठेवा. गोलसर झाली असेल किंवा खोबण पडली असेल, तर ते बदला. वेल्डिंगने भरून घासलेल्या हुकवर माझा भरवसा नाही, कारण धातूचा कडकपणा पूर्वीसारखा राहीलच असं नाही.

नव्या रिप्रॉडक्शन (मूळ भागाबरहुकूम नव्याने बनवलेल्या) लॅचमध्ये झिजेचा प्रश्न नसतो, पण मापाचा असू शकतो. एखाद-दोन मिलिमीटरचा फरकही भोक कानशीने वाढवायला लावतो. स्प्रिंग जास्त कडक असली तर बंद करताना बॉनेटवर भार पडतो. म्हणून नवं लॅच रंगकाम होण्याआधीच लावून पाहावं.

बाहेरून दिसणाऱ्या बॉनेट पिना हा तिसरा मार्ग. रेसिंगच्या गाडीला त्या शोभतात, पण मूळ स्वरूपात जपायच्या गाडीच्या पत्र्याला भोकं पाडणं मला पटत नाही. १९६१ च्या अगदी सुरुवातीच्या जॅग्वार ई-टाइपना बाहेरून चावीने फिरवायची लॅचेस होती, तिथे ती मूळचीच म्हणून ठेवायला हवीत.

माझा कौल जुन्या लॅचला, पण एका अटीवर: सेफ्टी कॅच, म्हणजे लॅच सुटलं तरी बॉनेट अडकवून धरणारा दुसरा हुक, निर्दोष हवा. बॉनेट मागच्या बाजूला बिजागरी असलेलं असेल आणि धावत्या गाडीत लॅच सुटलं, तर वारा ते उचलून थेट विंडस्क्रीनवर आपटतो. पुढून बिजागरी असलेल्या बॉनेटला हा धोका बराच कमी. सेफ्टी कॅच वाकलेला किंवा झिजलेला असेल, तर पैशाकडे न पाहता नवा घ्या.

लॅच कुठलंही असो, जुळणी सारखीच. आधी बॉनेट उघडं ठेवून स्क्रूड्रायव्हरने हुक बंद करा आणि लॅच उघडणारी केबल ओढून तो सुटतो याची खात्री करा. नाहीतर बॉनेट बंद होईल आणि उघडणारच नाही. मग पिन मुद्दाम थोडी लांब ठेवून सुरुवात करा. लॉकनट ढिला करून ती अर्धा-अर्धा फेरा आत घ्या. बॉनेट बफरवर किंचित दाबून बसलं आणि हाताने हलवून खडखडलं नाही, की लॉकनट आवळा. पहिल्या लांब फेरीनंतर तो पुन्हा तपासा.