नाव कोरलेले पदक घ्यावे की प्रदर्शनाचे स्मृतिपदक?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत भरलेल्या प्रादेशिक प्रदर्शनांची पदके जमवायची, एवढे एकदा मनाशी ठरले की लगेच दोन वाटा फुटतात. पहिली वाट पारितोषिक पदकांची आहे. बोस्टन, न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया, सिनसिनाटी, सॅन फ्रान्सिस्को येथील कारागिरांच्या आणि उद्योजकांच्या संस्था आपापल्या प्रदर्शनांत उत्तम मालाला पदके देत आणि त्यांवर विजेत्याचे नाव हाताने कोरून घेत. दुसरी वाट स्मृतिपदकांची आहे. अटलांटा, न्यू ऑर्लिन्स, नॅशव्हिल, ओमाहा अशा शहरांतल्या मोठ्या प्रदर्शनांत येणाऱ्या पाहुण्यांना आठवण म्हणून विकण्यासाठी ती पाडली गेली. मी दोन्ही वाटांनी काही अंतर चाललो आहे आणि आता एकीवर स्थिरावलो आहे. फिलाडेल्फियाचे १८७६चे आणि शिकागोचे १८९३चे प्रदर्शन मी येथे मुद्दाम बाजूला ठेवतो, कारण ती सर्व जगाला आमंत्रण देणारी प्रदर्शने होती आणि त्यांच्या पदकांचा पसारा हा स्वतंत्र विषय आहे.

आधी स्मृतिपदकांविषयी लिहितो, कारण बहुतेकांची सुरुवात तेथूनच होते आणि त्यात वावगे काहीच नाही. या पदकांपैकी चांदीच्या डॉलरच्या जवळपास आकाराची, म्हणजे साधारण ३३ ते ४५ मिलिमीटर व्यासाची जी आहेत, त्यांना संग्राहक ‘सो-कॉल्ड डॉलर’ म्हणतात. हिब्लर आणि कॅपेन यांनी १९६३ साली त्यांची सूची प्रसिद्ध केली, आणि त्या दोघांच्या आद्याक्षरांवरून पडलेले ‘एचके’ क्रमांक आजही प्रत्येक लिलावात वापरले जातात. नव्या माणसाला याचा मोठाच आधार असतो. आपल्याकडे काय आहे, काय नाही आणि पुढे काय शोधायचे, हे त्याला पहिल्या दिवसापासून कळते.

शिवाय या पदकांची एक रांग लावली, तर यादवी युद्धानंतर पुन्हा उभा राहू पाहणारा दक्षिण भाग त्यात दिसू लागतो. अटलांटाने १८८१ साली कापसाचे प्रदर्शन भरवले आणि १८९५ साली त्याहून मोठे. त्या दुसऱ्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या दिवशी, १८ सप्टेंबरला, कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांनी केलेल्या भाषणावर पुढे अनेक वर्षे वाद चालला. लुइव्हिलने १८८३ ते १८८७ अशी ओळीने पाच वर्षे प्रदर्शन भरवले आणि तेथे एडिसनच्या विजेच्या दिव्यांचा झगमगाट लोकांनी पाहिला. न्यू ऑर्लिन्सने १८८४च्या डिसेंबरात जे प्रदर्शन सुरू केले, त्याला निमित्त होते १७८४ साली अमेरिकेतून बाहेर गेलेल्या कापसाच्या शंभर वर्षांचे. टेनेसी राज्याची शताब्दी १८९६ साली होती, पण नॅशव्हिलचे प्रदर्शन प्रत्यक्षात उघडले १८९७ साली. तेथे ग्रीक पार्थेनॉनची जी प्रतिकृती उभारली होती, ती नंतर १९२०च्या दशकात काँक्रीटमध्ये पुन्हा बांधायला घेण्यात आली आणि आजही उभी आहे. नॅशव्हिलची पदके जमवणाऱ्याला ती इमारत अनेक रूपांत भेटते.

ओमाहाच्या १८९८च्या अधिकृत पदकाचा मात्र वेगळा उल्लेख केलाच पाहिजे. त्याच्या एका बाजूला स्त्रीचे मुख आहे आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसून भाल्याने अमेरिकी बायसनची शिकार करणारा मूळ अमेरिकी योद्धा आहे. त्याच प्रदर्शनात अनेक जमातींच्या शेकडो माणसांना बोलावून, तळ ठोकायला लावून, प्रेक्षकांना ‘दाखवले’ गेले होते. हे ठाऊक असताना ते पदक हातात घेतले की नुसते सौंदर्य पाहून ते खाली ठेवता येत नाही. कोरीवकामाच्या दृष्टीने या पदकाच्या तोडीचे पारितोषिक पदक मी तरी पाहिलेले नाही.

असे असूनही मी स्मृतिपदकांपासून हळूहळू दूर गेलो, आणि त्याचे कारण एकच आहे: धातूचा घोळ.

प्रदर्शनाच्या काळात एकाच ठशातून पदके वेगवेगळ्या धातूंत पाडली जात. चांदी, ब्राँझ, तांबे, पितळ, सोनेरी मुलामा दिलेले पितळ, व्हाइट मेटल, आणि १८९०च्या दशकात ॲल्युमिनियमसुद्धा. चार्ल्स मार्टिन हॉल यांनी १८८६ साली विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम वेगळे करण्याची पद्धत शोधण्यापूर्वी हा धातू इतका महाग होता, की १८८४ साली वॉशिंग्टन स्मारकाचे टोक त्याचे बनवले गेले तेव्हा ते लोकांना नवलाईची वस्तू म्हणून दाखवण्यात आले. दहा वर्षांनंतर, १८९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत हिवाळी प्रदर्शन भरले, तेव्हा त्याची पदके किरकोळ किमतीत विकली जाऊ लागली होती. इतिहास म्हणून हे रंजक आहे. पण सूचीत धातू बदलला की क्रमांक बदलतो, आणि क्रमांक बदलला की किंमत कित्येक पटींनी बदलते. चित्र तेच, अक्षरे तीच आणि वर्षही तेच असते. ठरवायचे असते ते केवळ आत काय आहे यावरून, आणि आत काय आहे हे छायाचित्रात दिसत नाही.

व्हाइट मेटल म्हणजे प्रामुख्याने कथिलाचा मिश्रधातू. नवे असताना ते चांदीसारखे चमकते आणि जुने झाले की काळपट चांदीसारखेच करडे होते. त्यावर चांदीचा मुलामा असेल, तर नजरेने निवाडा करणे जवळजवळ अशक्य होते. पुन्हा बहुतेक पदकांवर धातूची खूण नसते. विक्रेता प्रामाणिक असला तरी तो ‘चांदीचे वाटते’ एवढेच लिहितो, आणि त्या ‘वाटते’वर किती पैसे लावायचे हे आपल्याला ठरवावे लागते. माझ्या बाबतीत असे होऊ लागले, की प्रत्येक पदकासाठी विक्रेत्याला पत्र लिहायचे, वजन विचारायचे, जाडी विचारायची, कडेचा फोटो मागायचा, आणि पुष्कळदा उत्तर येईपर्यंत लिलाव संपलेला असायचा. वजन मिळाले तरी ते पुरत नाही, कारण एकाच पदकाच्या जाड आणि पातळ अशा दोन्ही प्रती असू शकतात.

पदक घरी आल्यावर उपाय असतो. ते बारीक दोऱ्याने पाण्यात टांगून तोलायचे आणि हवेतले वजन व पाण्यातली घट यांचा भागाकार करायचा. शुद्ध चांदीचा आकडा साडेदहाच्या आसपास येतो, व्हाइट मेटलचा सव्वासात-साडेसातच्या जवळ आणि ॲल्युमिनियमचा पावणेतीनपेक्षाही थोडा कमी. कानही मदत करतो. चांदीचे पदक बोटाच्या टोकावर तोलून हलकेच टिचकी मारली, तर जुन्या चांदीच्या रुपयासारखे खणखणीत वाजते आणि व्हाइट मेटल बद्द आवाज करते. पण हे सारे पैसे दिल्यानंतरचे ज्ञान आहे. प्रमाणित करणाऱ्या संस्थेने प्लास्टिकच्या पेटीत बंद केलेली पदके घेतली तर हा त्रास बराच वाचतो, हे मान्य केले पाहिजे. ज्यांना स्मृतिपदकेच हवी आहेत, त्यांनी तसेच करावे असे मी सुचवीन. मला मात्र पदक हातात धरता आले पाहिजे, त्याची कड पाहता आली पाहिजे, आणि तेथेच माझे मन उडाले.

पारितोषिक पदके प्रथमदर्शनी इतकी आकर्षक नसतात. न्यू यॉर्कच्या अमेरिकन इन्स्टिट्यूटची स्थापना १८२८ची. तिच्या वार्षिक प्रदर्शनांची पदके वर्षानुवर्षे जवळपास त्याच रचनेची राहिली. बदलत गेले ते कोरलेले नाव आणि साल. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटचे सुरुवातीचे पदक ख्रिश्चन गोब्रेख्ट यांनी कोरले. पुढे अमेरिकेच्या नाण्यांवर बसलेली स्वातंत्र्यदेवता आणणारे ते हेच. असे अपवाद सोडले, तर या पदकांवर पुन्हा पुन्हा तीच देवता, तोच नांगर आणि तेच दातेरी चाक भेटते. सर्वांची मिळून सर्वमान्य अशी एकच सूचीही नाही. किंमत, निदान माझ्या पाहण्यात, सामान्य स्मृतिपदकापेक्षा बरीच जास्त पडते, आणि चांदीची पदके मालकांच्या पुढच्या पिढ्यांनी घासूनपुसून लख्ख केलेली असतात. सोन्याच्या पदकांचा विचार बहुतेकांनी सोडूनच द्यावा, कारण त्यातली पुष्कळशी वितळवली गेली असावीत.

तरीही एकदा नाव वाचले की सगळे बदलते. या संस्था आपल्या प्रदर्शनांचे अहवाल छापत असत आणि त्यातले बरेच आज डिजिटल ग्रंथालयांत विनामूल्य वाचता येतात. मॅसॅच्युसेट्स चॅरिटेबल मेकॅनिक असोसिएशन ही बोस्टनची संस्था १७९५ची, आणि अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातले प्रसिद्ध रौप्यकार पॉल रिव्हिअर तिचे पहिले अध्यक्ष. तिने १८३७ साली पहिले प्रदर्शन भरवले. त्यानंतर १८३९, १८४१, १८४४, १८४७ असे दोन-तीन वर्षांच्या अंतराने ते भरत राहिले. तिच्या अहवालांत प्रदर्शकाचे नाव, गाव, वस्तू, परीक्षकांचा शेरा आणि शेवटी कोणते पारितोषिक दिले, असा क्रम असतो. माझ्याकडे या संस्थेचे एक ब्राँझ पदक आहे. नुसते पाहिले तर त्यावर एक नाव आणि साल एवढेच आहे. अहवाल उघडला तेव्हा कळले की तो माणूस कुलपे बनवत होता. परीक्षकांनी त्याच्या कामाची सफाई वाखाणली होती आणि त्याच परिच्छेदात दुसऱ्या एका कुलपाला त्याच्यापेक्षा सरस ठरवले होते. शहराच्या जुन्या पत्त्यांच्या डिरेक्टरीत त्याच्या दुकानाची गल्लीही सापडली. ओमाहाच्या सुंदर पदकाने मला असे काही दिलेले नाही, देणेही शक्य नव्हते, कारण ते कोणी विकत घेतले याची नोंद कोण ठेवणार?

ज्या त्रासाने मला स्मृतिपदकांपासून तोडले, तोही येथे बहुतांशी उरत नाही. अहवालातच ‘चांदीचे पदक’ किंवा ‘ब्राँझचे पदक’ असे लिहिलेले असते. धातूचा पुरावा पदकाच्या बाहेर, छापील कागदावर, त्याच काळात नोंदलेला मिळतो आणि तोही बोली लावण्याआधी. शिवाय कोरणाऱ्याच्या हत्याराने पृष्ठभाग चिरलेला असल्यामुळे मुलामा असेल, तर अक्षराच्या खाचेत खालचा धातू डोकावण्याची शक्यता असते. मी भिंगातून पाहताना प्रथम या खाचाच पाहतो. जुन्या खाचेत बाकीच्या पदकाइतकाच काळसरपणा साठलेला असतो; खाच चकाकत असेल आणि आजूबाजूचे पदक काळवंडलेले असेल, तर नाव नंतर कोरले असल्याची शंका घ्यावी.

उलटा प्रकारही असतो. नाव खरवडून टाकलेले पदक कोरे म्हणून विकले जाते. पदक दिव्याखाली तिरपे धरून सावकाश फिरवले, तर खरवडलेला मधला भाग किंचित खोलगट दिसतो आणि त्यावरून सरकणारा प्रकाश तेथे वाकतो. सपाट पृष्ठभागावर तो सरळ जातो. कोरे पदक मुळातच कोरे असू शकते, हे खरे; पण मी ते घेत नाही, कारण नाव नसलेले पारितोषिक पदक म्हणजे माझ्या दृष्टीने कमी सुंदर असे स्मृतिपदकच.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटने १८५७ ते १८९९ या काळात ३१ प्रदर्शने भरवली. सिनसिनाटीत ओहायो मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटची प्रदर्शने १८३८पासूनची. सेंट लुइसच्या शेतकी आणि औद्योगिक मेळ्याची सुरुवात १८५६ची. एका शहरापुरते बांधून घेतले तरी आयुष्यभर पुरेल एवढी सामग्री यात आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी कोणी यांपैकी एखाद्या शहरात असेल, तर त्याने आपल्याच शहरापासून आरंभ करावा, कारण जुन्या डिरेक्टऱ्या आणि स्थानिक वृत्तपत्रे सार्वजनिक ग्रंथालयात हाताशी असतात. न्यू यॉर्कच्या बाबतीत एक साल ध्यानात ठेवावे: ५ ऑक्टोबर १८५८ रोजी अमेरिकन इन्स्टिट्यूटचे प्रदर्शन चालू असतानाच क्रिस्टल पॅलेस, म्हणजे ते जेथे भरले होते ती काच-लोखंडाची इमारत, जळून खाक झाला. ते साल कोरलेले पदक कधी समोर आले, तर घाईने पुढे जाऊ नये.

मुंबई किंवा कोकणातल्या दमट हवेत संग्रह ठेवायचा असेल, तर दोन्ही प्रकारांना सारखीच काळजी लागते. सिलिका जेल ठेवावे, पीव्हीसीची पाकिटे टाळावीत. फरक इतकाच, की व्हाइट मेटलवर एकदा फोड आणि खड्डे पडले की ते जात नाहीत. स्मृतिपदके फितीला लावण्यासाठी भोके पाडलेलीही पुष्कळ मिळतात. भोकाचे मला व्यक्तिशः फारसे वाटत नाही, पण पुढे विकायचे असल्यास खरेदीदाराला वाटते.

तेव्हा ज्याला चित्रे प्रिय आहेत, ज्याला यादी पूर्ण करण्यात आनंद वाटतो आणि ज्याचे मासिक बजेट लहान आहे, त्याने स्मृतिपदके घ्यावीत. १८९०च्या दशकातली व्हाइट मेटलची आणि ॲल्युमिनियमची पदके व्हाइट मेटल आणि ॲल्युमिनियम म्हणूनच विकत घेतली, तर धातूचा घोळ उरतच नाही. ज्याला पदकामागचा माणूस शोधायचा आहे, त्याने वर्षाकाठी एखाद-दुसरेच घ्यावे, पण नावाचे घ्यावे, आणि चांदीच्या मागे न लागता ब्राँझपासून सुरुवात करावी. बोली लावण्यापूर्वी त्या सालचा अहवाल उघडून नाव, गाव आणि पदकाचा वर्ग जुळतो का ते पाहावे. नाव नीट वाचता येत नसेल, तर बाजूने प्रकाश टाकून काढलेला दुसरा फोटो मागावा. तो द्यायला जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याच्याकडचे पदक मी सोडून देतो.