मनीप्लांटची पिवळी पानं आणि साडेतीनशेचा ओलावा मीटर: आठ महिने वापरल्यावर

हा मीटर गेल्या जुलैत घेतला. तेव्हाच लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते, आणि सप्टेंबरात लिहिलं असतं तर एक. आता मार्च उजाडलाय, डोकं थंड झालंय, म्हणून लिहितेय.

वस्तू साधीच आहे. धातूच्या दोन दांड्या, वर हिरवी डबी, तिच्यात १ ते १० वर फिरणारा काटा. ओलावा, उजेड आणि पीएच (माती आम्लधर्मी की अल्कधर्मी ते), असं एकात तीन. बॅटरी नाही, किंमत तेव्हा ३४९ रुपये.

घेतला तो मनीप्लांटसाठी. आमच्या पुण्यातल्या घरी हॉलच्या कोपऱ्यात, टीव्हीशेजारी, चिनीमातीच्या पांढऱ्या कुंडीत तो चांगला वाढला होता. जूनच्या शेवटी खालची पानं पिवळी पडायला लागली. आठवड्याला दोन, मग तीन. पानं कडेने वाळत नव्हती, कुरकुरीतही होत नव्हती. अख्खं पान एकसारखं पिवळं, मऊ, लोंबलेलं, आणि हात लावला की देठासकट गळून हातात. वरची माती बोटाला कोरडी लागायची, म्हणून मी पाणी घालायचे. नवऱ्याने कुठलातरी व्हिडिओ बघून एप्सम सॉल्ट घातलं. त्यातून मॅग्नेशियम मिळतं. ते कमी पडलं तर जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. आमच्याकडे शिरांसकट सगळंच हळदीसारखं झालं होतं, पण तेव्हा एवढं बघतंय कोण!

मीटर आला, दोन इंच खुपसला. काटा ३ वर. पार तळापर्यंत दाबला तर सरळ १०. वर कोरडं आणि खाली चिखल! झाड उचललं तेव्हा कळलं की नर्सरीची प्लास्टिकची कुंडी तशीच आत ठेवलेली होती, बाहेरच्या देखण्या कुंडीला भोकच नव्हतं, आणि तळाशी चार बोटं पाणी साचलेलं. वास गटाराचा. मुळं तपकिरी, ओढलं की साल निघून हातात नुसता दोरा. मधोमध नर्सरीतला लाल चिकट मातीचा गोळा, लाडवासारखा घट्ट. मातीतल्या पोकळ्यांत हवेऐवजी पाणी भरून राहिलं की मुळं गुदमरून सडतात. सडलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पानं मलूल होतात. आणि मलूल पानं बघून आपण आणखी पाणी घालतो. मी महिनाभर नेमकं हेच करत होते.

सडकी मुळं कापली, लाल गोळा हलक्या हाताने फोडला, भोक असलेली सहा इंची मातीची कुंडी आणली. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे हलके दाणे) एकेक भाग, वर दोन मुठी गांडूळखत. चार निरोगी वेलांचे पेरासकट तुकडे पाण्याच्या बाटलीत लावून ठेवले, झाड गेलंच तर निदान ते हाताशी असावेत म्हणून. कुंडी पूर्वेच्या खिडकीजवळ हलवली. उजेडाचा काटा टीव्हीच्या कोपऱ्यात शून्याला चिकटलेला असायचा, खिडकीत निदान हलला. त्यानंतरही तीन पानं गळली, पोटात गोळा आला. पिवळं झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, त्याकडे बघत बसू नका, नवीन पालवी बघा. आमची पहिली नवी सुरळी पाचव्या आठवड्यात उलगडली.

मग एक तारा का देणार होते? खत घातलं त्या दिवशी काटा उगाचच वर गेला. शंका आली म्हणून प्रयोग केला. फिल्टरच्या पाण्याच्या पेल्यात दांड्या बुडवल्या, मग त्यात चिमूटभर मीठ टाकलं. पाणी तेवढंच, काटा मात्र टोकाला. दोन वेगवेगळे धातू आणि मधला ओलावा मिळून बारीकशी बॅटरी तयार होते आणि तिच्यावर काटा हलतो, म्हणून बॅटरी लागत नाही. म्हणजे तो ओलाव्याबरोबर क्षारही मोजतो. नारळाच्या सालीच्या भरड मिश्रणात दांड्या नीट टेकत नाहीत, तिथे ओलं असूनही कोरडं दाखवतो. पीएच तर विसराच. प्रत्येक कुंडीत सात, म्हणजे ना आम्ल ना अल्क. जानेवारीत नवी पानं फिकट आणि शिरा हिरव्या यायला लागल्या, टँकरच्या जड पाण्याने कुंडीवर पांढरा थर चढला होता, म्हणजे माती अल्कधर्मी झाली असणार, तरी सातच. नवी पानं अशी दिसली तर लोहाची शंका घ्यायची. चिलेटेड आयर्न (झाडाला सहज शोषता येणारं लोह) दिलं, पुढची पानं हिरवी आली. मीटरचा त्यात काडीचाही हात नाही.

काडीवरून आठवलं. खराट्याची काडी तळापर्यंत खुपसायची, दहा मिनिटांनी काढायची, माती चिकटून आली तर पाणी नाही. पाच कुंड्यांत दोन्ही ताडून पाहिलं, निकाल तोच.

तरी मीटर टाकून दिला नाही, त्याचं कारण वेगळंच आहे. सप्टेंबरात काटा पुन्हा ९ वर गेला, आणि मी तर दहा दिवस पाणी घातलंच नव्हतं. घरात चौकशी केली. कामाच्या मावशी फरशी पुसायच्या आधी सगळ्या झाडांना एकेक मग घालत होत्या. आणि सासूबाई पूजेच्या तांब्यातलं पाणी एरवी बाल्कनीतल्या तुळशीला घालतात, पण पावसात तिथे निसरडं होतं म्हणून जूनपासून ते हॉलमधल्या मनीप्लांटला जात होतं. रोज, न चुकता. काडी दाखवून मी कितीही सांगितलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं. आकड्याशी कोण वाद घालणार? कुंडीवर चिठ्ठी लावली: निम्म्या खोलीवर काटा ३ आला तरच पाणी. सुरुवातीला त्याला बारा दिवस लागले होते, हल्ली चार-पाच लागतात. परवा मी मग घेऊन निघाले तर सासूबाईंनी आतूनच हटकलं, "अगं, पाचावर आहे, मी बघितलंय सकाळीच!"

माझे तारे: ओलाव्याला चार, उजेडाला तीन, पीएचला शून्य. दांड्या मातीत रोवून ठेवू नका, मोजून झालं की पुसून ठेवा. आमचा दिवाळीत गावी गेलो तेव्हा कुंडीतच राहिला, आणि आता एका दांडीवर गंज चढलाय. बारीक सँडपेपरने घासून चालवतेय.