आयर्लंडमध्ये भाड्याची गाडी: काउंटरवर तिप्पट होणारं बिल

डब्लिनहून गॉलवे, डिंगल, केरी करायचं तर गाडी लागतेच. गावागावांत बस जाते, पण खेड्यांकडे तिच्या फेऱ्या दिवसात मोजक्याच. म्हणून मंडळी महिनाभर आधी नेटवर गाडी बुक करतात. समजा आठवड्याला 110 युरो भाव दिसला. डब्लिन विमानतळाच्या काउंटरवरून तीच गाडी साडेतीनशे युरोला बाहेर पडते. मधले 240 युरो कुठे जातात ते नीट समजून घ्या, कारण सही तुमचीच असते आणि नंतर कुणी ऐकून घेत नाही.

भाड्यात सीडीडब्ल्यू (कोलिजन डॅमेज वेव्हर, म्हणजे गाडीच्या नुकसानीचं) नावाचं कव्हर धरलेलं असतं. ते ऐकून वाटतं, विमा झाला. पण त्याला ‘एक्सेस’ असतो, म्हणजे नुकसान झालं तर पहिली अमुक रक्कम तुमच्या खिशातून. आयर्लंडमध्ये ही रक्कम अनेकदा दीड ते तीन हजार युरो असते. काउंटरवरचा माणूस हाच आकडा तुमच्यासमोर ठेवतो आणि दिवसाला 25-30 युरो घेऊन तो शून्यावर आणायला तयार असतो. सात दिवसांचे दोनशे झाले. रात्रभर विमानात बसलेला, सोबत आई-वडील आणि मुलं असलेला माणूस मान डोलावतो.

ज्यांनी बुकिंग साइटवर आधीच ‘फुल प्रोटेक्शन’ घेतलंय, त्यांना सांगतात, “हा विमा आमच्याकडे चालत नाही.” हे वाक्य अर्धं खरं आहे आणि सगळी मेख तिथेच आहे. साइटवरचा विमा गाडीच्या कंपनीचा नसतो, दुसऱ्याच विमा कंपनीचा असतो. ओरखडा पडला तर भाडे कंपनी आधी तुमच्या कार्डातून पैसे कापते, मग तुम्ही कागद पाठवून ते विमा कंपनीकडून परत मागता. म्हणजे विमा बाद नसतो, फक्त काउंटरवर तो उपयोगी नसतो. त्यांचं कव्हर घेतलंत तर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे दिलेत. “मला हे कव्हर नको, अनामत ब्लॉक करा,” एवढंच सांगा आणि त्यावर ठाम राहा.

पण त्यासाठी कार्ड तयारीचं हवं. कव्हर नाकारलं की एक्सेसएवढी रक्कम क्रेडिट कार्डावर ब्लॉक होते. ते कार्ड मुख्य चालकाच्या नावाचं हवं आणि त्यावर तेवढी मर्यादा शिल्लक हवी. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड बहुतेक ठिकाणी अनामतीसाठी घेत नाहीत, किंवा घेतलं तर त्यांचं कव्हर सक्तीचं करतात. भारतीय कार्डावर परदेशातले व्यवहार ॲपमधून सुरू करून मर्यादा वाढवावी लागते. हे मुंबईतच करून निघा. डब्लिनला ओटीपी येईना म्हणून काउंटरवर अडकलात की ते म्हणतील ते घ्यावं लागतं. मशीनवर रुपयांत आकडा दिसला तर तो नाकारून युरो निवडा. रुपयांतला दर मशीनवाल्यांचा असतो आणि तो तुमच्या बँकेच्या दरापेक्षा बहुधा महागच पडतो.

अमेरिकेतून येणाऱ्यांनी एक गोष्ट मुद्दाम तपासावी. तिथल्या क्रेडिट कार्डांसोबत भाड्याच्या गाडीचा विमा मिळतो, पण अनेक कार्डांच्या अटींत आयर्लंडचं नाव घेऊन ते वगळलेलं असतं. कव्हर खरंच लागू असेल तर बँकेकडून तसं पत्र घ्या, त्यात आयर्लंडचा उल्लेख हवा. काउंटरवर ते मागतात.

सही आता टॅबलेटवर घेतात. समोर फक्त सहीचा चौकोन असतो आणि वरची पानं माणूस स्वतःच सरकवतो. टॅबलेट हातात घ्या, पहिल्या पानापर्यंत वर जा. कव्हर, रस्त्यावरची मदत, जास्तीचा चालक, इंधन अशा ओळी असतात आणि प्रत्येकीसमोर हो-नाहीची खूण. शेवटी एकूण रक्कम. ती बुकिंगच्या कागदाशी जुळली नाही तर सही करू नका. रांग मागे उभी असू दे.

आता गाडी ताब्यात घ्यायची. मला विचाराल तर इथली पंधरा मिनिटं काउंटरवरच्या वादापेक्षा जास्त मोलाची आहेत. आयर्लंडच्या आतल्या रस्त्यांना कडेला दगडी बांध असतात आणि उन्हाळ्यात त्यावर झुडपं इतकी फोफावतात की आतला दगड दिसत नाही. समोरून ट्रॅक्टर किंवा बस आली की गाडी डावीकडे दाबली जाते. आपण महाराष्ट्रात डावीकडूनच चालवतो, त्यामुळे बाजूची सवय असते, पण त्या अरुंद वाटेवर डावा आरसा आणि डावी दोन्ही अलॉय चाकं आधी मार खातात. चाकाच्या कडेवर नखाएवढा पांढरा ओरखडा उठतो, आणि बिल अख्ख्या अलॉयचं येतं. टायर, काच, आरसे, छत आणि गाडीचा तळ या गोष्टी साध्या कव्हरमध्ये बहुतेक वेळा धरलेल्याच नसतात. आधीच्या ग्राहकाने पाडलेला ओरखडाही तुमच्या नावावर चढू शकतो.

म्हणून चावी मिळाली की सामान भरायच्या आधी एकच सलग व्हिडिओ घ्या. सुरुवात नंबर प्लेटपासून, मग गाडीला पूर्ण फेरी, मग डॅशबोर्डवर किलोमीटर आणि इंधनाचा काटा. त्यानंतर चारही चाकांचे एकेक फोटो, चाक पूर्ण दिसेल एवढ्या जवळून. काच तिरक्या नजरेने पाहा, खड्याचा ठिपका तेव्हाच दिसतो. बंपरची खालची कड वाकून पाहा. पाऊस पडत असेल, आणि तो पडत असतोच, तर ओल्या रंगावर ओरखडे दिसत नाहीत. दरवाजे आणि बंपर रुमालाने पुसा. कंपनीच्या नकाशावर, म्हणजे जुने ओरखडे दाखवणाऱ्या गाडीच्या चित्रावर, नसलेली प्रत्येक खूण माणसाला बोलावून लिहून घ्या आणि पार्किंगमधून बाहेर पडायच्या आधी ते फोटो कंपनीला मेल करा. मेलवर वेळ असते, तीच पुढे कामाला येते.

टोलचं वेगळंच. विमानतळावरून गॉलवेला निघालात की थोड्याच वेळात डब्लिनभोवतीच्या एम-50 महामार्गावर, जंक्शन 6 आणि 7 च्या मध्ये टोल लागतो. तिथे नाका नाही, दांडी नाही, वर फक्त कॅमेरे. दुसऱ्या दिवशी रात्री 8 च्या आत पैसे भरावे लागतात, नाहीतर दंड चढतो आणि भाडे कंपनी त्यावर स्वतःचं शुल्क लावते. काही कंपन्या हा टोल परस्पर भरतात, काही भरत नाहीत, म्हणून काउंटरवरच विचारा. स्वतः भरायचा असेल तर ‘ईफ्लो डॉट आयई’ (eflow.ie) हा पत्ता हाताने टाइप करा. या टोलच्या नावाने बनावट एसएमएस आयर्लंडभर फिरतात. त्यातली लिंक कार्डाचा नंबर मागणाऱ्या पानावर नेते, आणि पान हुबेहूब असतं.

इंधनाचा करार ‘फुल टु फुल’च घ्या, म्हणजे टाकी भरलेली घ्यायची आणि भरूनच परत द्यायची. परत करताना विमानतळाजवळच्या पंपावर टाकी भरा आणि पावती जपा. आयर्लंडमध्ये पेट्रोलचा नोझल हिरवा, डिझेलचा काळा. चुकीचं इंधन पडलं तर भाडे कंपनीचं कव्हर बहुतेक वेळा उपयोगी येत नाही.

उत्तर आयर्लंडमधल्या जायंट्स कॉजवेला जाणाऱ्यांनी जपावं. सीमेवर चौकी नाही हे खरं, पण उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग आहे आणि भारतीय पासपोर्टला तिथला व्हिसा लागतो. “सीमा उघडी आहे, एक व्हिसा पुरतो,” असं सांगणाऱ्या एजंटवर विसंबू नका. आयर्लंडच्या व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ अशी अक्षरं असतील तरच तो दोन्हीकडे चालतो. शेंगेन व्हिसा आयर्लंडला मुळीच चालत नाही. गाडी सीमेपार न्यायला कंपनी वेगळे पैसे घेऊ शकते, तेही आधी लिहून घ्या. सीमेपलीकडे वेगाच्या पाट्या मैलात असतात.

गाडी परत करताना ऑफिस चालू असेल अशी वेळ ठेवा. रात्री चावी पेटीत टाकून गेलात तर नंतर सापडलेल्या ओरखड्याचा आरोप खोडून काढायला तुमच्यापाशी माणूस उरत नाही. पुन्हा तसाच व्हिडिओ काढा, कर्मचाऱ्याकडून ‘नुकसान नाही’ असं लिहून घ्या.

तरीही घरी आल्यावर कार्डातून पैसे कापले गेले तर फोनवर वाद घालू नका. मेलने तीन गोष्टी मागा: नुकसानीचे तारखेसह फोटो, दुरुस्तीचं बिल, आणि गाडी देतानाचा नकाशा. जुळलं नाही तर हाच पत्रव्यवहार जोडून बँकेकडे व्यवहार नाकारल्याची तक्रार करा. नुकसान खरंच तुमच्याकडून झालं असेल तर साइटवरच्या विम्याकडे दावा लावा. करार, नुकसानीचा अहवाल, बिल आणि कार्डाचं स्टेटमेंट असे चार कागद लागतात. दाव्याला मुदत असते आणि ती पॉलिसीच्या बारीक अक्षरांत असते, गाडी परत केली त्याच दिवशी ती शोधून ठेवा.