ख्याल ऐकायला काय घ्यावं: रेकॉर्ड, कॅसेट, सीडी की स्ट्रीमिंग?

माध्यम पारखताना गायकाकडे नंतर, आधी तानपुऱ्याकडे कान द्या. लागलेला षड्ज जरासा हलला तरी खटकतो. ढोलकीच्या गाण्यात तीच चूक खपून जाते.

कॅसेट इथेच पहिली गळते. फीत सेकंदाला जेमतेम 4.76 सेंटिमीटर सरकते, त्यामुळे बेल्ट ढिला झाला किंवा रबरी रोलर कडक झाला की सूर डुलायला लागतो. वेग 6 टक्के वाढला तर काळी एकचं गाणं थेट शेजारच्या पांढरी दोन या पट्टीत ऐकू येतं. आवाज दबका येत असेल तर हेड (फीत वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. तरी फरक पडला नाही तर बहुधा हेडचा कोन सरकलाय. बाजूचा स्क्रू अगदी किंचित फिरवत झांजेसारखे तार आवाज मोकळे होतील तिथे थांबा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती लावूच नका, हेडवरून पुढच्या कॅसेटला लागते. नव्यानं कॅसेट जमवू नयेत. घरात आहेत त्या संगणकावर उतरवून घ्या.

रेकॉर्डचा मोह समजण्यासारखा आहे, पण हिशेब करा. एलपीच्या एका बाजूला साधारण 20-22 मिनिटं, म्हणजे विलंबित (ख्यालाचा संथ भाग) रंगात येतो तोच उठून बाजू पलटायची. मधलं भोक जरा बाजूला पडलं असेल तर दर 1.8 सेकंदांनी तानपुरा झोका घेतो. त्यावर महागडा टर्नटेबलही उपाय नाही. सुईचा दाब 1.5 ते 2 ग्रॅमवर बसवता येईल असंच यंत्र घ्या. सुटकेसवाले स्वस्त प्लेअर बरेचदा याच्या दुपटीहून जास्त दाब देतात आणि खाच झिजवतात. फोनो प्रीअँप (सुईचा क्षीण आवाज वाढवून सावरणारं यंत्र) नसताना थेट अँप्लिफायरच्या ऑक्सला जोडलं की आवाज बारीक, खर्ज गायब. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना जाड सुई वेगळी लागते. एलपीची सुई खाचेच्या तळाला घासत खरखर वाढवते.

1982 साली बाजारात आलेल्या सीडीत आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने, 16 बिट, 74 मिनिटं. वेग घड्याळातल्यासारख्या क्वार्ट्झ स्फटिकाच्या हवाली, त्यामुळे तानपुरा ढळत नाही. जुनी सीडी स्वस्तात मिळाली तर घ्या, एफएलएसीमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारी फाइल) कॉपी करा आणि वायरच्या हेडफोनवर ऐका. आमची पहिली पसंती हीच.

स्ट्रीमिंगमध्ये निवड अफाट. मात्र लॉसलेसचे (दर्जा न घटवता येणाऱ्या आवाजाचे) जादा पैसे भरून साध्या ब्लूटूथवर ऐकायचं असेल तर ते पैसे वाया. आवाज वाटेत पुन्हा दाबला जातोच. सेटिंगमध्ये जाऊन क्रॉसफेड (एक ट्रॅक संपता संपता पुढचा त्यात मिसळणारी सोय) बंद करा, नाहीतर विलंबिताच्या शेवटावर द्रुत (जलद भाग) चढून बसतं.

एकाच मैफलीच्या दोन आवृत्त्या मिळाल्या तर थोडी खरखर असलेली घ्या. गुळगुळीत केलेल्या आवृत्तीत खरखरीबरोबर तानपुऱ्याची जवारीही (तारांचा झणझणता गुंजारव) बऱ्याचदा पुसलेली असते.