गोठ्यातली पद्मिनी आणि अक्कलकोट रोडचं गॅरेज

मंगळवेढ्याला काकांच्या गोठ्यात कडब्यामागं प्रीमियर पद्मिनी गाडी कित्येक वर्षं पडून होती, ती टोचन करून सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एका जुन्या गॅरेजला आणली. मिस्त्री एक नंबर माणूस. मी नवी बॅटरी घेऊनच गेलेलो, तर म्हणले "सेल्फ मारायचा नाय अजिबात", आधी टाकीतलं सडकं पेट्रोल काढलं, प्लग खोलून चारी सिलेंडरमध्ये ऑइल सोडलं, मुरू दिलं अन मग इंजिन हातानं फिरवून बघितलं, जाम असताना सेल्फ मारला तर पिस्टनच्या रिंगा तुटतात म्हणे. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, ब्रेकची रबरं पार दगड. खालचा पत्रा मात्र शाबूत, आपल्याकडच्या कोरड्या हवेची कृपा, कोकणात असती तर भंगारातच गेली असती. 1089 सीसीचं साधं इंजिन, कार्बोरेटर धुतला, इग्निशनचे पॉइंट घासले, लागली की चालू! पार्ट बाहेरून मागवतात त्यात वेळ जातो आणि मिस्त्री फोन उचलत नाहीत, जाऊनच बसावं लागतं. पण बदललेला प्रत्येक जुना पार्ट हातात देतात. आरसी रिन्यूअल नि जुन्या गाडीवरच्या ग्रीन टॅक्सचं तुमचं तुम्ही बघा. पेंटिंग दुसरीकडं करा.