नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल, फ्रेशर्सनी नक्की वापरा
बीकॉम झाल्यावर एका प्लेसमेंटवाल्याने रजिस्ट्रेशनचे म्हणून २००० घेतले आणि नंतर फोनच उचलेना, तेव्हा मावसभावाने हे पोर्टल सांगितलं. केंद्राच्या कामगार मंत्रालयाचं आहे, २०१५ पासून चालू, आणि नाव नोंदवायला एक रुपया लागत नाही!! नोकऱ्या तर दिसतातच, पण मला खरा फायदा झाला तो काउन्सेलिंगचा. मॅडमनी बायोडाटा बघून सरळ सांगितलं की छंद-बिंद काढून टाक, टॅली आणि जीएसटीचं जे हाताने केलंयस ते सगळ्यात वर लिही, इतकं नीट मला कॉलेजात कोणीच सांगितलं नव्हतं. नोकरीसाठी आधी पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नका प्लीज. काही अडलं तर १५१४ हेल्पलाइन आहे.