साठ लिटर किस, आठ महिने आणि नसलेली झिप

हॅमस्टर या उंदरासारख्या छोट्या पाळीव प्राण्याच्या पिंजऱ्यात घालायच्या लाकडाच्या किसाच्या, ज्याला सगळे बेडिंग म्हणतात त्याच्या, साठ लिटरच्या दोन पिशव्या मी जानेवारीत मागवल्या होत्या. आज सप्टेंबर उजाडला आहे. मधल्या काळात मी या मालाला आधी पाच तारे दिले, ऑगस्टमध्ये ते काढून एकच ठेवला आणि आता तीन देत आहे. किस किती मऊ आहे, धूळ किती उडते, लघवी किती शोषली जाते हे सगळ्यांनी लिहून झाले आहे आणि त्यात वाद घालण्यासारखे काही नाही. मला लिहायचे आहे ते पिशवीच्या तोंडाविषयी. सोळाशे नव्याण्णव रुपयांच्या पिशवीला साधी झिप नाही. एकदा कात्री लावली की ती कायमची उघडी.

आम्ही धुळ्यात देवपूर भागात राहतो. मुलीच्या हट्टाने घरात आलेली चिंगी ही सोनेरी सीरियन जातीची मादी असून ऐंशी बाय पन्नास सेंटिमीटरच्या, वर जाळी असलेल्या काचेच्या टाकीत एकटीच राहते. तिला बिळे खणता यावीत म्हणून पंधरा सेंटिमीटर थर दिला, तर एक पूर्ण पिशवी त्यातच संपते. दुसरी पिशवी मार्चमध्ये फोडली, लागेल तसा किस काढला आणि तोंडाला रबर लावून ती माळ्यावर ठेवली. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर गेला तेव्हा टाकी कूलरच्या खोलीत आणावी लागली, कारण तिशीच्या पुढचे तापमान या जिवाला सोसत नाही. टाकीत एक मातीचे खापर ठेवले होते आणि दुपारभर ती त्यावर पोट टेकून पसरलेली असे. त्याच दिवसांत पाण्याच्या बाटलीच्या नळीभोवती मला करड्या रंगाची बारीक भुकटी दिसली होती. ती किसाची धूळ समजून मी पुसली.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ती धूळ चालू लागली. काचेच्या आतल्या बाजूने, किसाच्या रेषेच्या दोन बोटे वर, पीठ सांडल्यासारखा एक पट्टा दिसत होता. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन चित्र मोठे केले, तेव्हा त्यातला प्रत्येक कण स्वतंत्रपणे सरकताना दिसला. अंग पांढुरके, जवळजवळ पारदर्शक, पाय किंचित तपकिरी आणि आकार अर्ध्या मिलिमीटरच्या आत. चिमूटभर भुकटी बोटांत चोळली, तर पुदिन्यासारखा उग्र वास आला. साठवलेल्या धान्यात होणाऱ्या माइट्सची, म्हणजे आठ पायांच्या अतिबारीक जिवांची, ही ओळखीची खूण असल्याचे मला नंतर समजले. कागदावर झटक्याझटक्याने पळणारे, त्याहून मोठे आणि सहा पायांचे कीटक दिसले असते, तर ते बुरशीवर जगणारे सोसिड म्हणजे पुस्तकातल्या उवा ठरले असते. दोन्हींपैकी कोणीही चिंगीला चावत नाही. मात्र पहाटे घरट्यावर ठेवलेल्या पांढऱ्या टिश्यूवर लाल किंवा काळे ठिपके आढळले असते, तर प्रकरण रक्त पिणाऱ्या माइट्सचे, म्हणजे पूर्ण वेगळे झाले असते. सलग तीन रात्री टिश्यू ठेवला आणि तिन्ही वेळा तो कोरा निघाला.

तरीही तिला दवाखान्यात नेले. गाई-म्हशी आणि शेळ्या तपासण्यात ज्यांची हयात गेली, त्या डॉक्टरांनी एकशे चाळीस ग्रॅमची रुग्ण तळहातावर घेऊन कान, पोट आणि शेपटीचा भाग भिंगाने शांतपणे पाहिला, केसांवर चिकटपट्टी दाबून तीही तपासली आणि अंगावर काहीच नसल्याचे सांगितले. पाळीव प्राण्यांच्या दुकानदाराने कुत्र्यांच्या गोचिडांची पावडर किसात मिसळायचा सल्ला दिला होता, तो त्यांनी ऐकताच मोडीत काढला. डांबरगोळ्या आणि झुरळांचा फवारा यांनाही त्यांनी सक्त मनाई केली. एवढ्याशा देहाला त्याची मात्रा सोसणार नाही आणि हा प्राणी तर दिवसभर त्याच किसात नाक खुपसून झोपतो, असे त्यांचे म्हणणे होते.

मग मी विक्रेत्याशी भांडण काढले. किडे पिशवीतूनच आले याबद्दल माझ्या मनात तेव्हा तिळमात्र शंका नव्हती, कारण माळ्यावरच्या अर्ध्या पिशवीतही तीच चालणारी भुकटी सापडली होती. त्यांनी पिशवी उघडतानाचे चित्रीकरण मागितले. मार्चमध्ये किसाची पिशवी उघडताना चित्रीकरण करणारा माणूस कोणाच्या घरात असतो, हे मी त्यांना नम्रपणे विचारले. उत्तर म्हणून उघडलेला माल परत घेतला जात नसल्याचा तोच मजकूर तीन वेळा आला. तीस लिटर किस, म्हणजे साधारण साडेआठशे रुपये, कचरागाडीत गेले आणि त्या संध्याकाळी मी चार तारे काढून घेतले.

आई हे सगळे पाहत होती. ती एवढेच म्हणाली, "बाजरीले ऊन दखाड पहिले." मी तिकडे लक्ष दिले नाही.

पुरावा हाती असावा म्हणून मी दहा लिटरची नवी, सीलबंद पिशवी मागवली आणि लोणच्याच्या चार रिकाम्या बरण्या घेतल्या. पहिलीत नव्या पिशवीतला किस, दुसरीत जुन्या पिशवीतला मूठभर, तिसरीत दुकानातून आणलेले मिश्र खाद्य आणि चौथीत चिंगीची बाजरी घातली. प्रत्येकीत ओला कापूस वेगळ्या झाकणात ठेवून तोंडे घट्ट लावली. चौथ्या दिवशी बाजरीच्या बरणीची काच आतून भुरकट झाली होती. जुन्या किसाच्या बरणीत तुरळक माइट्स होते, खाद्याच्या बरणीत शोधून दोन सापडले आणि नव्या किसाची बरणी दहाव्या दिवशीही स्वच्छ होती.

ही बाजरी शिंदखेड्याकडच्या आमच्या गावाहून गेल्या दिवाळीत आली होती. वैशाखात आईने घरातले सगळे धान्य नेहमीप्रमाणे धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, पसरून कडक उन्हात वाळवले, पण त्यातली दोन किलो मी आधीच 'चिंगीची' म्हणून कापडी पिशवीत बाजूला काढून माळ्यावर ठेवली होती. जनावराच्या धान्याला कशाला ऊन, असे मीच म्हणालो होतो. दाण्यातला ओलावा साधारण तेरा टक्क्यांच्या खाली राहिला तर हे माइट्स त्यात वाढू शकत नाहीत. आमच्याकडे वर्षातले आठ महिने हवाच त्यांचा बंदोबस्त करते, म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाहीत. पण मे महिन्यात कूलरने आणि ऑगस्टमध्ये पावसाने खोलीची आर्द्रता वाढवली. टाकीशेजारच्या मापकावर मी एकदा अठ्ठ्याहत्तर टक्के पाहिले आहेत.

उरलेली कामगिरी चिंगीने केली. आज पाळले जाणारे जवळपास सगळे सोनेरी हॅमस्टर १९३० मध्ये सीरियातल्या अलेप्पोजवळ प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी मिळवलेल्या एका मादीच्या पिल्लांचे वंशज आहेत, आणि त्या कोरड्या मुलखातली गालांत धान्य भरून बिळात साठवण्याची सवय त्यांना देवपूरमध्येही सुटलेली नाही. घरट्याखाली खणून पाहिले, तर मूठभर बाजरी, त्यात काकडीचे दोन तुकडे, सगळे फुगलेले, कोमट आणि बुरशी धरू लागलेले. माइट्सना याहून चांगला वाडा कोणी बांधून दिला नसता.

टाकी पूर्ण रिकामी केली. एरवी सफाई करताना ओळखीच्या वासासाठी जुना किस थोडा ठेवतात, या वेळी तो मोह टाळला. काच आणि प्लॅस्टिकचे चाक कढत पाण्याने धुऊन, कोपरेसुद्धा सुकेपर्यंत पंख्याखाली ठेवले. लाकडी घर आणि पूल पिशवीत बांधून सात दिवस फ्रीझरमध्ये उणे अठरावर घातले, त्यावरून मटाराच्या डब्याच्या जागेबाबत घरात जे बोलणे झाले ते येथे लिहीत नाही. तोवर चिंगी टबमध्ये, साध्या टिश्यूच्या चिंध्यांवर राहिली आणि रात्रभर टबाची कड कुरतडत होती. आता बाजरी वाळवून, गोठवून आणि चमचाभरच मिळते, काकडी दोन तासांत उचलली जाते आणि साठा दर चार दिवसांनी तपासला जातो. तीन आठवडे झाले, काचेवर पट्टा आलेला नाही.

तेव्हा किस निर्दोष आहे, हे मी विक्रेत्याला लेखी कळवले आणि दोन तारे परत दिले. उरलेले दोन देणार नाही. बाजरी माझी होती हे मान्य, पण पिशवीला झिप असती तर शेजारच्या बाजरीतले माइट्स त्या तीस लिटरमध्ये शिरलेच नसते, आणि माझे साडेआठशे रुपये वाचले असते. चाळीस रुपयांच्या फरसाणाच्या पुड्याला झिप असते. दहा लिटरची पिशवी घ्या, असे त्यांनी सुचवले. ती चारशे एकोणपन्नासला, म्हणजे लिटरमागे जवळजवळ पंचेचाळीस रुपये पडते आणि मोठी अठ्ठावीसला. मी पुन्हा मोठीच मागवली.

टाकी भरून उरलेला नऊ लिटर किस सध्या आईच्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात आहे. तो डबा चिवड्याचा असून दिवाळीपूर्वी घासूनपुसून परत हवा, असे तिने दोनदा बजावले आहे.